पुढे चालणारा हळूराव

जीप उडाली!

म्हणजे पक्ष्यासारखी नाही, पण बेडकासारखी नक्कीच. आपल्या नायिकेने किल्ली फिरवली मात्र, गाडीने अशी काही उडी घेतली की मागचे रिकामे डबे खणखणले, कुंपणावरचं मांजर जे पळालं ते संध्याकाळपर्यंत परतलंच नाही. मग गाडीने एक आचका दिला आणि गप्प बसली.

समोर एक तरुण उभा होता. हातात मधाची रिकामी बरणी. त्याचे गुडघे आणि जीपचा बंपर यांच्यात जेमतेम वीतभर जागा… आणि महाशय जागचे हललेसुद्धा नव्हते.

"गिअरमध्ये आहे," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी. आधी हँडब्रेक ओढलेला आहे का बघायचं. मग क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, आणि मग किल्ली." तो जरा थांबला. "आणि समोर कोणी उभं नाही ना, हेही बघायचं असतं."

तिच्या छातीत अजून धडधडत होतं. ते लपवायला ती त्याच्यावरच खेकसली, "पण तुम्ही बाजूला का नाही झालात?"

त्याने यावर विचार केला. अगदी खराखुरा विचार!

"होतच होतो," तो म्हणाला.

ओट्यावर बसलेल्या मावशीला हसू आवरेना. उजवा हात प्लास्टरमध्ये, डाव्या हाताने पोट धरून ती हसत होती. "अगं वावटळ, हा हळूराव! डोंगरावरच्या बचाव केंद्राची गाडी चालवतो. घाटात कोण अडकलं, दरीत कोणाची गाडी गेली, की हाच जातो. गावात सगळ्यात हळू चालवतो… आणि आजवर एकालाही रस्त्यात सांडलेलं नाही हो!"

वावटळ म्हणजे आपली नायिका. हे नाव मावशीनेच ठेवलेलं आणि ते तिला अंगच्या कपड्यासारखं बसलेलं. ती जिना उतरायची नाही, जिन्यावरून कोसळायची. चहा प्यायची तो जीभ भाजूनच. मावशीकडे राहून ती कॉलेजात जात होती, आणि मावशीच्या मधमाश्यांवर तिचा इतका जीव होता की आवाजावरून ती सांगायची, अमुक पेटी खूश आहे, तमुक पेटीतली राणी म्हातारी झालीय.

आणि नेमक्या त्याच पेट्या आता हातच्या जाणार होत्या.

झालं होतं असं, की खालच्या शेतांतला फुलोरा संपत आला होता. माश्यांना डोंगरावरच्या पठारावर न्यायला हवं होतं. तिथे पांढऱ्या रानफुलांचा नुसता सडा पडला होता. दरवर्षी मावशी स्वतः जीप घेऊन पेट्या वर न्यायची. यंदा ती शिडीवरून पडली. भाड्याच्या गाडीवाल्यांनी तो लाल मातीचा चढ बघितला, पेट्यांतली गुणगुण ऐकली आणि कोपरापासून हात जोडले. शेवटी शेजारच्या शहरातला एक मधाचा व्यापारी म्हणाला, बाई, सगळ्या पेट्या मलाच विकून टाका. मावशीने त्याला रविवारपर्यंत थांबायला सांगितलं होतं. उपाशी माश्या डोळ्यांदेखत मरू द्यायच्या, त्यापेक्षा विकलेल्या बऱ्या.

"मी नेते ना!" वावटळ ठासून म्हणाली होती. लायसन्स होतंच. गुळगुळीत रस्त्यावर चालवायची छोटी गाडी आणि ही चारही चाकांनी डोंगर चढणारी जुनी जीप, यांत फरक तो काय असणार? तर फरक हा… मांजर पळालं.

हळूरावने बरणी ओट्यावर ठेवली. जीपला एक फेरी मारली. प्रत्येक टायर हाताने दाबून पाहिला, वाकून खाली तेल गळतंय का पाहिलं. एखाद्या आजारी घोड्याची पाठ थोपटावी, तसं बॉनेट थोपटलं. वावटळ बघतच राहिली. इतक्या मायेने कुणी लोखंडाला हात लावतं?

"शिकवाल मला?" तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"रविवारपर्यंत?"

"हो."

"म्हणजे घाई आहे."

"भयंकर."

तो पहिल्यांदाच हसला. आणि काय सांगावं… हसूसुद्धा हळूच आलं! आधी डोळ्यांत, मग गालावर, आणि ओठांपर्यंत पोचेस्तोवर तर वावटळीला धीरच धरवेना.

"मग हळू शिकावं लागेल," तो म्हणाला.

*

गावाबाहेर वीटभट्टीचं पडीक मैदान होतं. खड्डे, ढिगारे, चिखल… शिकायला एकदम झकास. ड्युटी संपली की हळूराव तिथे यायचा. पहिल्या दिवशी त्याने तिला गाडीत बसूच दिलं नाही.

"आधी खाली वाका," तो म्हणाला. "पुढच्या चाकाच्या मधोमध ती चकती दिसतेय? ती फिरवून 'लॉक'वर आणायची. दोन्ही बाजूंची. तरच पुढची चाकं ओढायला लागतात. नाहीतर आत बसून कितीही दांडे ओढा, जोर लावणार फक्त मागची."

"आणि हे 'वाका', 'बसा' काय लावलंय? मी काय तुमची आत्या आहे? 'तू' म्हणा."

त्याचे कान लाल झाले. कान! वावटळीने ते पाहिलं आणि मनाच्या कप्प्यात नीट घडी घालून ठेवून दिलं.

"बरं… वाक," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी स्टिअरिंग. तिने ते गच्च मुठीत पकडलं, तर तो खिडकीतून म्हणाला, "अंगठे बाहेर. आत नको गुंडाळू."

"का? अंगठ्यांनी काय घोडं मारलंय?"

"चाक दगडावर आपटलं की स्टिअरिंग एकदम गरकन फिरतं. अंगठा आत असला तर मोडतो. बचाव केंद्रात येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो."

"म्हणजे माझ्या अंगठ्यांची काळजी आहे तुम्हाला."

"सगळ्यांच्याच अंगठ्यांची असते," तो म्हणाला. आणि मग, बऱ्याच वेळाने, तिने विषय सोडूनही दिला होता तेव्हा — "…पण तुझ्या जरा जास्त."

हे असंच चालायचं. वावटळ एक वाक्य टाकायची आणि उत्तर यायचं ते पुढच्या वळणावर. पण यायचं, आणि आलं की असं काही यायचं की ती पुढचं वळणच चुकायची!

हळूहळू तिला कळायला लागलं. मोठ्या गिअरशेजारचा तो बुटका दांडा 'लो'मध्ये, म्हणजे ताकद जास्त आणि वेग कमी, असा टाकायचा तर गाडी पूर्ण थांबवूनच. उतारावर क्लच दाबायचाच नाही, पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला मागून धरून ठेवतं. चढावर गाडी बंद पडली तर घाबरून वळवायची नाही. ब्रेक दाबून रिव्हर्स टाकायचा आणि सरळ, नाकासमोर, मागे खाली यायचं. आणि ज्या वाटेवर आपण पायी चाललो नाही, त्या वाटेवर गाडी घालायची नाही.

म्हणून एका सकाळी दोघं तो लाल चढ पायी चढून आले. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. रात्री भुरभुर पडून गेली होती. माती लोण्यासारखी झाली होती. तो प्रत्येक दगडाशी थांबायचा, पायाने हलवून बघायचा. तिलाही थांबावं लागायचं. आणि थांबल्यावर तिला काय काय दिसलं! कोळ्याच्या जाळ्यात अडकलेले थेंब. दगडाखालचं इवलंसं जांभळं फूल. त्याच्या मनगटावरची जुनी जखमेची खूण. इतके दिवस आपण या सगळ्याच्या बाजूने नुसतं सुसाट जात होतो की काय?

"तुम्ही सगळंच असं हळू करता?" तिने विचारलं.

"जे बिघडलेलं परवडणार नाही, ते."

ती गप्प झाली. वावटळ गप्प झाली, मंडळी!

*

पण स्वभावाला औषध नाही. शुक्रवारी ती मैदानावरून एकटी परतत होती आणि वाटेत कॉलेजच्या मैत्रिणी भेटल्या. "अय्या, जीप! आम्हाला पण ने ना!" मग काय विचारता. सगळ्या मागे कोंबल्या गेल्या, आणि आपली बाई निघाली बाजारातून, ऐटीत, कोपर खिडकीबाहेर काढून. पुढच्या चाकांच्या चकत्या 'लॉक'वरच होत्या आणि बुटका दांडाही 'लो'मध्येच, हे तिच्या गावीही नव्हतं. चिखलात ठीक असतं, तिथे चाकं घसरून आपापलं भागवतात. कोरड्या डांबरावर मात्र घसरायला वाव नाही. दोन वळणं झाली. स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी कण्हायला लागली आणि चौकाच्या अगदी मधोमध अडकून बसली. दांडा ओढते तर हलायला तयार नाही. मागून हॉर्नवर हॉर्न. मैत्रिणी एकेक करून "आम्ही चालत जातो गं" म्हणत पसार.

आणि समोरच्या दुकानाच्या पायरीवर कोण? मावशी!

मावशीने डाव्या हाताने पिशवी उचलली आणि पाठ फिरवून घरची वाट धरली. वावटळीला तेच जास्त लागलं.

कुणीतरी हळूरावला बोलावलं. तो चालत आला. पळत नाही, चालत. खिडकीशी वाकला. तिला वाटलं, आता ऐकवणार. डोळे आधीच भरून आले होते.

"थोडी मागे घे," तो हलकेच म्हणाला. "सरळ, दोन हात फक्त. ताण सुटला की दांडा आपोआप येईल."

तिने मागे घेतली. दांडा लोण्यातून सुरी निघावी तसा बाहेर आला.

घरी पोचल्यावर मावशीने फोन हातात घेतला. "मी त्या व्यापाऱ्याला हो म्हणून सांगते. पेट्यांपेक्षा तू मोठी आहेस मला. डांबरावर ही तऱ्हा, तर त्या चढावर काय करशील?"

मावशीचं खरंच होतं की!

दाराशी उभा असलेला हळूराव म्हणाला, "मावशी, रविवारी मी पुढे चालेन."

मावशीचा हात फोनवरच थांबला. गावात सगळ्यांना ठाऊक होतं. अवघड जागी बचाव केंद्राचा एक माणूस गाडीच्या पुढे उलटा चालतो, गाडीकडे तोंड करून. चालवणाऱ्याने वाट बघायचीच नाही, बघायचं त्याच्या हातांकडे. चालवणाऱ्याच्या डाव्या अंगाचा तळवा उचलला की चाक डावीकडे, उजव्या अंगाचा की उजवीकडे, मूठ मिटली की जागच्या जागी थांबायचं. चालवणाऱ्याने जरा घोळ घातला तर गाडी येणार ती त्याच्याच अंगावर.

"तू आजवर कुणाच्याच गाडीपुढे चालला नाहीस," मावशी म्हणाली. "तुझ्या साहेबालाही नाही म्हणालास."

"साहेब ऐकत नाहीत," हळूराव म्हणाला. "ही ऐकते. चुकते… पण एकदा चुकलेलं पुन्हा चुकत नाही."

मावशीने फोन खाली ठेवला. "रविवारी मी शेजारच्या सीटवर बसणार. आणि पेट्या वर पोचल्या नाहीत, तर सोमवारी सगळ्या त्या व्यापाऱ्याच्या."

*

रविवारी उजाडता उजाडता निघाले. पेट्यांच्या तोंडांना जाळ्या लावल्या, दोर आवळले. वावटळीने गाडीभोवती फेरी मारली. टायर, तेल, चकत्या: डावी लॉक, उजवी लॉक. हँडब्रेक. न्यूट्रल. क्लच. किल्ली.

गाडी मांजरीसारखी गुरगुरली. उडाली नाही!

"वा गं," मावशी म्हणाली आणि डाव्या हाताने पट्टा आवळून बसली.

लाल चढाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली आणि बुटका दांडा 'लो'मध्ये टाकला. हळूरावने मधमाश्यांपासून वाचायला जाळीची टोपी घातली होती. ती त्याने काढून काखेत मारली. "धुक्यात जाळीतून दगड नीट दिसत नाहीत," तो म्हणाला. "माझ्या हातांकडे बघ. बाकी कुठेही नाही."

"आणि चेहऱ्याकडे?"

"…वर पोचल्यावर," तो म्हणाला. कान लाल!

निघाले. तो उलटा चालत होता, पावलापावलाने, आणि त्याचे दोन तळवे धुक्यात दिव्यांसारखे. जरा डावीकडे… बस. ये, ये… आता उजवीकडे. अंगठे बाहेर ठेवून ती बोट बोट चाक फिरवत होती. पेट्यांतून गुणगुण येत होती, पण खूश. ती ओळखत होती.

आणि अर्ध्या चढावर मागचं चाक एका दगडावरून खाली आलं. धप्प!

गुणगुण बदलली.

"शेवटच्या पेटीची जाळी सरकली," मावशी मागे बघून म्हणाली. "काचा बंद आहेत, आपल्याला काही नाही. पण…"

पण तो बाहेर होता. उघड्या चेहऱ्याने!

पहिली माशी त्याच्या मानेवर बसली. दुसरी भुवईवर. वावटळीने स्पष्ट पाहिलं, त्याचा चेहरा आक्रसला. एक गालाला डसली. एक ओठाला. कुणीही काय करेल? हात झटकेल. माणूस विचारही करत नाही, हात आपोआप जातो.

त्याचे हात हलले नाहीत.

म्हणजे हलले, पण फक्त तिच्यासाठी. डावीकडे जरा… बस. ये. त्याने एकदा जरी तिच्या उजवीकडच्या हाताने माशी हाकलली असती, तर तिने चाक उजवीकडे वळवलं असतं. आणि उजवीकडे होती दरी. त्याला ते ठाऊक होतं. तिलाही त्या क्षणी ते लख्ख कळलं.

"मावशी, मी जोरात नेते! लवकर संपवते!"

"ने," मावशी म्हणाली. "तुझी गाडी. तू ठरव."

पाय ॲक्सिलरेटरवर होता. नुसता दाबायचा अवकाश! पण ओली माती… चाकं गरगरली असती, गाडी आडवी गेली असती, आणि सगळ्यात आधी त्याच्याच अंगावर. थांबलं तर गाडी या लोण्यावरून मागे घसरणार. जोरात गेलं तर तो जाणार. हळू गेलं तर त्याला आणखी डंख. हे काय भलतंच!

जे बिघडलेलं परवडणार नाही, ते हळू.

वावटळीने ओठ दाताखाली धरला, पाय तसाच हलका ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू गेली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही तिने हात सोडला नाही. त्याचे तळवे. फक्त त्याचे तळवे. डावीकडे. बस. ये… ये… ये…

जमीन सपाट झाली. मूठ मिटली.

ब्रेक. न्यूट्रल. हँडब्रेक. इंजिन बंद. हे सगळं नीट, एकामागून एक करून मगच तिने दार उघडलं, आणि मग मात्र ती अशी धावली की काय विचारता!

"अरे वेड्या! अरे मूर्खा! हात हलवता येत नव्हता का एकदा तरी?"

"नाही," तो म्हणाला.

त्याचा एक डोळा मिटत चालला होता. वरचा ओठ भज्यासारखा टम्म फुगला होता. ती नखाने एकेक काटा खरवडून काढायला लागली. मानेवरचा, गालावरचा, भुवईतला.

"चक्कर येतेय? श्वास लागतोय?"

"श्वास लागतोय," तो गंभीरपणे म्हणाला. "पण तो डंखांमुळे नाही."

तिने डोळे मोठे केले. त्याचा एक डोळा तिच्याकडे बघत होता, दुसरा बघायची पराकाष्ठा करत होता.

"तुला एक विचारायचं होतं," तो म्हणाला. ओठामुळे शब्द जाडेभरडे येत होते. "पण म्हटलं, घाई नको. पुढच्या वर्षी फुलोरा आला की विचारू…"

"पुढच्या वर्षी?" वावटळ किंचाळली. "पुढच्या वर्षी! अरे, तोवर मी म्हातारी होईन! मला आवडतोस तू. तुझे कान आवडतात, तुझं ते उशिरा पोचणारं हसू आवडतं, तू टायर दाबतोस तेही आवडतं. झालं! आता तू सांग. आत्ता. लगेच!"

त्याने विचार केला. खराखुरा.

"माझ्या गुडघ्यांवर गाडी घातलीस ना," तो म्हणाला, "तेव्हापासून."

गाडीतून मावशीचा आवाज आला. काच तिने पाव इंच खाली केली होती. "झालं का तुमचं? पेट्या उतरवा! आणि मला त्या व्यापाऱ्याला फोन करायचाय, की बाबा, तू आपला दुसरीकडे मध बघ. डाव्या हाताने नंबर लागत नाही मेला…"

धुकं विरळ झालं. पठारावर नजर पोचेल तिथवर पांढरी फुलं. दोघांनी पेट्या उतरवल्या. या वेळी त्याने निमूटपणे जाळीची टोपी घातली होती. वावटळीने हलक्या हाताने पहिल्या पेटीची जाळी काढली. माश्या बाहेर आल्या. पण फुलांकडे गेल्याच नाहीत. पेटीच्या दारासमोर, पेटीकडे तोंड करून, हवेत झुलत राहिल्या.

"त्या जात का नाहीत? भूक लागलीय ना?" त्याने विचारलं.

"नवीन जागा आहे ना. आधी घराकडे तोंड करून बघतात, कसं दिसतं, कुठे आहे. एकदा डोळ्यांत नीट भरलं, की मग कितीही लांब गेल्या तरी परत येतात."

बऱ्याच वेळाने तिने मान वळवली. जाळीमागून, एका उघड्या आणि एका अर्ध्या डोळ्याने, तो फुलांकडे बघत नव्हता, पेट्यांकडेही बघत नव्हता. तो तिच्यासमोर उभा राहून तिच्याकडेच बघत होता… अगदी सावकाश.

"काय बघतोस रे?"

"थांब ना," हळूराव म्हणाला. "डोळ्यांत भरून घेतोय."

आणि वावटळ थांबली.